हवामान गुप्त होतं तो हिवाळा

जानेवारीत साताऱ्याला थंडी पडली की वर्तमानपत्रांना घरात पाळणा हलल्यासारखा आनंद होतो. पारा एकेरी आकड्यावर आला म्हणून पहिल्या पानावर चौकट, शेजारी शेकोटीभोवती बसलेल्या चार कानटोप्यांचं छायाचित्र. आमच्या कॉलनीतले सकाळी फिरणारे लोक त्या दिवशी अशा ऐटीत चालतात, जणू पारा त्यांनीच हाताने धरून खाली ओढला आहे. मी वाटेत भेटलो की हटकून विचारतात, "काय देशमाने, अजून किती दिवस?" मी निवृत्त हवामान-निरीक्षक आहे हे त्यांना ठाऊक आहे. निवृत्त डॉक्टरला लोक जीभ दाखवतात, तसं मला आभाळ दाखवतात.

हल्ली त्याचीही फारशी गरज उरलेली नाही. नात फोन पुढे करते आणि सांगते, "आजोबा, चार वाजून दहा मिनिटांनी ढग येणार." कधी येतात, कधी येत नाहीत. पण ती ते मोठ्याने सांगते, खिडकी उघडी असताना सांगते, दूधवाल्यालाही सांगते. मला तिचं कौतुक वाटतं आणि तरी माझा हात खिडकी लावायला जातो. कारण एक हिवाळा मी अशा ठिकाणी काढला आहे, जिथे आज वारा कुठून येतोय हे दुसऱ्याला सांगणं गुन्हा होता.

ते ठिकाण सौदी अरेबियात होतं, अगदी उत्तरेच्या टोकाला, तुरैफ गावाच्या दक्षिणेला. सौदीत थंडी असते हे आमच्या नातेवाइकांना आजही पटत नाही. त्यांच्या मनातल्या सौदीत एक वाळूची टेकडी, एक उंट आणि एक खजुराचं झाड असतं. मी सांगतो की तिथे सकाळी पिंपातल्या पाण्यावरचा बर्फ मी हातोडीने फोडायचो. ते हसतात. मी सांगतो की वाळू तर आमच्याकडे नव्हतीच, काळा दगड होता, नजर जाईल तिथवर. ते आणखी हसतात. तो सगळा मुलूख म्हणजे कधीकाळी जमीन फाटून वर आलेला आणि जागच्या जागी थिजलेला लाव्हा. तिथले लोक त्याला हर्रा म्हणतात. मधूनमधून विझलेल्या ज्वालामुखींचे बुटके सुळके. दगड आमच्या सह्याद्रीच्याच जातीचा. पण सह्याद्रीवर निदान गवत असतं, देऊळ असतं, खाली एखादा चहावाला असतो. इथे कोणी एका प्रचंड भट्टीतली राख आणि कोळसे उपसून टाकले होते आणि ते उचलायला परत आलंच नव्हतं.

या कोळशांवर आमचं ठाणं होतं. हवामान, भूकंप आणि एकूणच निसर्गाची लक्षणं यांच्यावर नजर ठेवायची. ठाण्याची आखणी करून देणारे सल्लागार कुठल्यातरी थंड, ज्वालामुखीच्या बेटावरून आले होते. ज्वालामुखी आणि थंडी हे दोन शब्द ऐकल्यावर त्यांनी आपल्या देशातले छापील तक्ते जसेच्या तसे पाठवून दिले. त्यामुळे दर महिन्याला मला एक रकाना भरावा लागे: हिमनदीची या महिन्यातली हालचाल, मीटरमध्ये. तीन वर्षं मी तिथे 'निरंक' लिहिलं. एकदा थट्टेने 'अद्याप आढळली नाही, शोध चालू आहे' असं लिहून पाठवलं. वरून पोच आली, आभारासह.

उद्घाटनाला एक फार मोठा माणूस आला होता. दगडांवर लाल गालिचा अंथरला होता, तो वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पुन्हा दगड ठेवले होते. सोनेरी काठाच्या झग्यातल्या त्या पाहुण्याने फीत कापली, भूकंपलेखकाच्या फिरत्या नळकांड्याकडे कौतुकाने पाहिलं आणि विचारलं, "ज्वालामुखी कुठे आहे?" आमच्या अधिकाऱ्याने अदबीने सांगितलं की आपण त्याच्यावरच उभे आहात. पाहुणा चटकन गालिच्याच्या कडेला सरकला. त्या दिवसातला तेवढाच क्षण मला खरा वाटला.

ठाण्यावर पाणी नव्हतं. ते आणून द्यायचं काम दाऊदभाईंचं. दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावातला हा पन्नाशीचा माणूस. वाडवडील गलबतांवर, आणि हा पाण्याचा टँकर घेऊन समुद्रापासून शेकडो मैल दूर. "आमच्या बापाच्या खाली पानी, आमच्या पाठीवर पानी," असं स्वतःच म्हणायचे. आठवड्यातून दोनदा ते यायचे आणि आमची टाकी भरून पुढे खालच्या सपाटीवर मेंढपाळांच्या वस्तीला पाणी द्यायला जायचे. मी घाटावरचा म्हणून माझी यथेच्छ टिंगल करायचे. मला नावाने कधी हाक मारली नाही. दारातूनच ओरडायचे, "काय वेधशाळा, जिवंत हायस ना?" मग आत येऊन एकदम अहोजाहोवर यायचे, कारण चहा हवा असायचा.

खाली जायला दोन वाटा होत्या. एक वरची, जुन्या तेलनळाच्या कडेने जाणारी, लांबची. दुसरी वादीतून, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रातून. तिने निम्मा वेळ लागे. वादी हा अरबी शब्द दाऊदभाईंनी पहिल्या दिवसापासून 'वाडी' करून टाकला होता. जणू तिथे आठ-दहा घरं, एक विहीर आणि फणसाचं झाड असावं. निघताना त्यांचा एकच प्रश्न असायचा, "वाडीतनं जाऊ की वरनं?"

हा प्रश्न साधा नव्हता. हर्रावर पडलेलं पाणी मुरत नाही. काळ्या दगडावरून ते तव्यावरल्या थेंबासारखं सटकतं आणि मैलोन् मैल सगळं एका पात्रात येतं. वर पाऊस आणि खाली लख्ख ऊन असतानाही वादीत माणसाच्या दुप्पट उंचीचा लोंढा येऊ शकतो. त्यामुळे मी वायुभार, म्हणजे हवेचा दाब बघायचो, ढग बघायचो, आलेला नकाशा बघायचो आणि सांगायचो, "आज वाडीतनं जा." किंवा, "आज वरनं." तीन वर्षांत मी दोनदाच चुकलो, आणि दोन्ही वेळा त्यांना उगाच लांबून पाठवण्याच्या बाजूने. एवढी माझी कारकीर्द. पुढे मिळालेल्या कुठल्याही प्रशस्तिपत्रकापेक्षा मला तिची किंमत जास्त वाटते.

मग नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं आणि हळूहळू आमच्या कोळशांनाही महत्त्व आलं. इराकची सरहद्द उत्तरेला जवळच होती. आभाळात विमानं, वरच्या रस्त्यावर रणगाडे वाहणाऱ्या गाड्यांची रांग. ठाण्यावरचा आमचा येमेनी सहकारी सालेह एके दिवशी आपली गादी गाडीच्या टपावर बांधून मायदेशी चालता झाला. येमेनने इराकची बाजू घेतली म्हणून त्याच्यासारख्या सगळ्यांनाच जावं लागत होतं. जाताना त्याने माझ्या हातात ठाण्याच्या किल्ल्या दिल्या आणि नुसता खांदा दाबला. विषारी वायूच्या हल्ल्याच्या भीतीने मुखवटे आले. आम्हा सगळ्यांत मिळून एक. तो घालून दाखवायची पाळी दाऊदभाईंवर आली, तर दाढीमुळे तो चेहऱ्याला बसेना.

"साहेब म्हणतात दाढी काढा," मी अधिकाऱ्याचं म्हणणं मराठीत सांगितलं.

"त्यांना म्हणावं, आधी बाँब टाकणाऱ्याला इचारून घ्या, वायूचाच हाय ना. उगाच दाढी जायची नि वर जीवबी जायचा."

डिसेंबरात एक कॅप्टन आला. छातीवर रंगीत पट्ट्या इतक्या, की हा माणूस आत्तापर्यंत किती युद्धं लढला असेल याचा मी हिशेब करू लागलो. पण वयाचं आणि युद्धांचं गणित जुळेना. त्याने जाहीर केलं की आजपासून हवामान गुप्त आहे. तापमान, वारा, ढग, पाऊस, जमिनीचे हादरे, सगळं गुप्त. शत्रूला त्याचा उपयोग होतो. ते खरंही होतं. तरीही एवढ्या मोठ्या उघड्या आभाळाखाली उभं राहून तो हे बोलत होता तेव्हा मला हसू आवरेना. त्याने बरोबर रबरी शिक्का आणला होता. पुढे माझ्या प्रत्येक तक्त्यावर तो उमटायचा. हिमनदीच्या रकान्यावरही. आढळत नसलेली हिमनदी अधिकृतपणे गुप्त झाली.

मग एक अरबी कागद माझ्यापुढे आला. मला वाचता येत नव्हतं. कॅप्टनने बोटाने जागा दाखवली आणि एकच शब्द उच्चारला, "ममनूअ." मनाई. पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे मला तिथे नोकरीला आणणाऱ्या मालकाच्या कपाटात होता, सालेहची खोली रिकामी होती. मी सही केली.

कागदाच्या मागोमाग माझ्यावर लक्ष ठेवायला एक सार्जंट येऊन राहिला. अरबी फौजेत सार्जंटला रकीब म्हणतात. आपल्याला हा शब्द गझलेतून ठाऊक, तिथे तो प्रेमातला प्रतिस्पर्धी. मूळ अर्थ मात्र नजर ठेवणारा. म्हणजे तोही निरीक्षक आणि मीही. मी आभाळाकडे बघायचो, तो माझ्याकडे. तो सुताच्या मोज्यांतले पाय हीटरपुढे पसरून बसायचा, हिंदी सिनेमांवरून शिकलेलं हिंदी बोलायचा आणि दर तासाला चहा मागायचा. वाईट माणूस नव्हता. मराठीचा एक शब्दही त्याला कळत नव्हता, आणि तो तसं कबूलही करायचा. दाऊदभाई आणि मी बोलू लागलो की डोळे मिटून घ्यायचा.

युद्ध सुरू झालं ते मला आधी कागदावर दिसलं. सकाळी सहाच्या नोंदीला आलो तर भूकंपलेखकाच्या नळकांड्यावरचा रात्रभराचा कागद काट्यांनी भरलेला. उत्तरेला सरहद्दीपलीकडे बाँब पडत होते आणि आमची लेखणी प्रत्येक बाँबची हजेरी लावत होती. सही केल्यासारखी एकेक फणकाऱ्याची रेघ. पुढचे कित्येक दिवस हेच. विमानं इतकी खालून जायची की अंगणातल्या झडपांच्या पांढऱ्या पेटीतल्या तापमापकाचा पारा थरथरे. एकदा खिडकीच्या काचा फुटून आत आल्या आणि रकीबच्या चहात पडल्या. एकदा मेंढ्यांचा एक कळप विमानाच्या आवाजाने बिथरला आणि कड्यावरून खाली गेला, एकामागून एक, कोणी दोरीने ओढल्यासारखा. त्यांचा मेंढपाळ कड्याशी उभा राहून ओरडत होता आणि त्याचा आवाज मात्र येत नव्हता. मी स्फोटांची वेळ, जोर, अंदाजे अंतर लिहीत होतो. कोण मेलं याला तक्त्यात रकाना नव्हता.

जानेवारीच्या शेवटी वरच्या रस्त्यावर इंधनाचा एक टँकर लष्करी गाडीवर आदळून पेटला. मागच्या गाड्यांत दाऊदभाई होते. दोन दिवसांनी आले तेव्हा दारातून हाक नाही, काही नाही. चहाचा पेला हातात घेऊन बसले.

"डायवर आतच होता. केरळचा. काच फोडायला मी पाना घेऊन गेलो, तर शिपायांनी मला मागं खेचला. तो हात हालवत होता हो. मला बोलवीत होता की जा म्हणत होता, कोन जाने." मग पेला खाली ठेवून म्हणाले, "आता मी वरनं जात नाय. मला वाडीच बरी. तुम्ही फक्त पान्याचं बगा."

म्हणजे त्या दिवसापासून त्यांचा जीव एका प्रश्नावर आणि माझ्या एका उत्तरावर येऊन थांबला होता. हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं. आणि प्रश्नाचं उत्तर द्यायला मला मनाई होती; त्या मनाईचं मी त्यांना कधी नीट सांगितलंही नव्हतं. एकदोन खेपा निभावल्या. आभाळ कोरडं होतं, त्यांनी विचारलं तेव्हा मी नुसती होकाराची मान हलवली. मान हलवायला मनाई आहे असं त्या कागदात लिहिलं असेल तर मला वाचता येत नव्हतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीचा एक दिवस. सकाळी नऊच्या नोंदीला वायुभार असा पडलेला की मी मापकावर टिचकी मारून पाहिली. पश्चिमेला भूमध्य समुद्राकडून एक मोठं वादळ आत सरकलं होतं. वारा आग्नेयेकडून, दमट, या मुलखात न शोभणारा. तापमान दोन अंश. मला नकाशाचीही गरज नव्हती. दुपारपर्यंत सगळ्या हर्रावर पाऊस, गारा, कदाचित बर्फ. आणि त्यानंतर तासाभरात वादी. मी सगळं नीट तक्त्यात लिहिलं. रकीबने शिक्का मारला.

दहाच्या सुमारास दाऊदभाई आले. इंजिन चालू ठेवूनच आत आले. त्या दिवशी रकीबखेरीज कॅप्टनचा एक माणूसही फायली न्यायला आलेला होता. तो दाराशी उभा राहून काहीतरी वाचत होता. त्यालाही मराठी येत नव्हतं. हे मी आज, इतक्या वर्षांनी, कुठलीही सवलत न घेता लिहितो आहे: त्या खोलीत मराठी समजणारे दोघंच होतो, मी आणि दाऊदभाई.

"काय वेधशाळा, वाडीतनं जाऊ ना? पाऊस बिऊस?"

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. भुवया वर केल्या. आणि एकेक शब्द तोलून म्हणालो, "दाऊदभाई, सांगता येत नाही."

माझ्या मते मी सगळं सांगितलं होतं. सांगता येत नाही, म्हणजे मला सांगायची मनाई आहे. मनाई कशाची असते? जे आहे त्याची. कोरडं असतं तर मी मान हलवली नसती का? मी 'सांगता' या शब्दावर जोर दिला होता. मनाईच्या नाकावर टिच्चून, मनाईचेच शब्द वापरून, दोन पहारेकऱ्यांच्या देखत मी बातमी पोचवली होती. मला माझं ते वाक्य फार आवडलं. ते मी आजवर लपवत आलो आहे, म्हणून तेही लिहितो. वाक्य बोलून झाल्यावर मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दाऊदभाई मोठ्याने हसले. "इतकी यंत्रां मांडून बसलायत नि सांगता येत नाय? आमचा म्हातारा नुसत्या गुडघ्यावरनं सांगायचा!"

तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. उभ्या महाराष्ट्रात वेधशाळेच्या माणसाला पावसाचं विचारलं की तो 'सांगता येत नाही' असंच म्हणतो. आमच्या धंद्याचं ते घोषवाक्य आहे. त्यावर विनोद होतात. दाऊदभाईंनी मला इतर सगळ्या वेधशाळावाल्यांमध्ये नेऊन बसवलं आणि ते निघाले. पावसाचं मलाच काही माहीत नाही, असा त्यांचा समज झाला. त्यांना ठाऊक असलेला एकच पक्का धोका वरच्या रस्त्यावर जळत होता.

खिडकीतून मी टँकर पाहत होतो. वाट फुटते तिथे तो थांबला. मला वाटलं, समजलं. मग तो डावीकडे वळला, वादीकडे. मी दारापर्यंत गेलो. चालत्या टँकरला हाक ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण दाराबाहेर जीप होती, किल्ली तिच्यातच होती. कॅप्टनच्या माणसाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रकीब म्हणाला, "चाय, देशमाने." मी आत आलो आणि चहा ठेवला.

बाराला आभाळ पश्चिमेकडून काळं झालं आणि खालच्या काळ्या दगडाला मिळालं. मधली रेघ पुसली गेली. मग गारा आल्या. पत्र्यावर कोणी ट्रकमधून खडी ओतावी तसा आवाज. पांढऱ्या पेटीची एक झडप उखडून वाऱ्याबरोबर गेली. पर्जन्यमापक काठोकाठ भरला, मी रिकामा केला, पुन्हा भरला. या सगळ्याच्या वर, ढगांच्याही वर, विमानं चालूच होती. त्यांचा हंगाम त्यांचा, आमचा आमचा. आभाळातून दोन तऱ्हेने मार चालला होता आणि कुठला कुणाचा हे कानाला ओळखू येत नव्हतं. भिंतीवरून पाणी आत येऊ लागलं. रकीबने पाय वर घेतले.

दोनच्या पुढे कधीतरी भूकंपलेखकाची लेखणी हलू लागली. मी सवयीने वेळ लिहिली आणि रकान्यात 'स्फोट' असं टाकलं. पण ती थांबेना. बाँबची रेघ उठते आणि मिटते. ही जाड होत गेली, आणखी जाड, शाईचा एक पट्टाच नळकांड्यावर फिरत राहिला. तो पट्टा मी कुठेतरी पाहिला होता. त्या बेटावरच्या सल्लागारांच्या पुस्तकात. दुसरं काही वाचायला नसे तेव्हा मी ते पांघरुणात कादंबरीसारखं वाचायचो, हिमनदीखाली ज्वालामुखी जागा झाला की कसा पूर येतो त्या प्रकरणासह, आणि हसायचो. त्यात आकृती होती. पुराची लेखणी टोचत नाही, ती जाड होते. कारण दगड दगडांवर गडगडत असतात आणि सगळी जमीन न थांबता थरथरत राहते. खाली स्पष्ट छापलं होतं.

मी 'स्फोट' खोडलं. त्याच्या जागी 'पूर' लिहिलं. पन्नास मिनिटं तो पट्टा चालला. त्यातली नेमकी कुठली मिनिटं दाऊदभाईंची होती हे रेघेवरून काढता येत नाही. मी प्रयत्न केला आहे.

दुसऱ्या दिवशी टँकर दिसला, आडवा, चाकं आभाळाकडे, आतून बाहेरून काळ्या दगडांनी आणि गाळाने भरलेला. दार उघडं होतं, म्हणजे ते बाहेर पडले होते. तिसऱ्या दिवशी मेंढपाळांना ते आणखी खाली सापडले. दगडांनी चेहरा ठेवला नव्हता. आतल्या हिरव्या स्वेटरवरून मी ओळख पटवली, आणि कागदावर सही केली. या कागदावर काय लिहिलं होतं ते मात्र मला न वाचताही कळलं.

दफन त्याच दिवशी झालं. मी मुसलमान नाही, म्हणून दफनभूमीच्या भिंतीबाहेर उभा होतो. रकीबने खांदा दिला, नमाजात उभा राहिला, हाताने माती लोटली. डोक्याशी एक काळा दगड, नाव नाही. तिथली रीतच तशी. मग तो बाहेर माझ्याजवळ आला. हात अजून मातीचे होते.

"सुबह तुमको मालूम था?" त्याने विचारलं.

मी मान हलवली. मालूम होतं.

"तो उसको बोला क्यों नहीं?"

मी त्याच्या मातीच्या हातांकडे पाहिलं. म्हणालो, "ममनूअ था. तुम बैठे थे."

तो खरोखरच गोंधळला. "लेकिन तुम्हारी ज़बान मैं तो समझता नहीं," तो म्हणाला. "तुम कुछ भी बोलते."

युद्ध महिन्याभरात संपलं. कॅप्टनच्या छातीवर आणखी एक पट्टी आली असेल. हवामान पुन्हा उघडं झालं. एक परिपत्रक आलं, त्यावरही शिक्का होता. मी मेमध्ये रजेवर आलो आणि साताऱ्याला पोचल्याच्या चौथ्या दिवशी दापोलीकडे निघालो. हुकूम देणाऱ्यांचा मला लहानपणापासून तिटकारा आहे. त्यांच्या झग्यांवर, पट्ट्यांवर, गालिच्यांवर मी पानंच्या पानं बोलू शकतो, आणि लोक हसतात. त्या प्रवासात मला एवढं उमजलं की हुकूम मोडायची वेळ आली तेव्हा मी विनोद केला होता. हुकूम पाळणाऱ्या भित्र्या माणसाने निदान गप्प राहून दाऊदभाईंना घाबरवलं असतं.

घर खाडीपासून थोडं वर, जांभ्या दगडाचं. मी दुपारी पोचलो. दाऊदभाईंची बायको, आमिनाभाबी, आणि लग्नाच्या वयाची एक मुलगी. त्यांनी माझं पत्र मिळाल्यापासून तयारी केलेली दिसत होती. जेवणात सांदणं होती, पाय धुवायला गरम पाणी होतं. ओटीवर मी रात्री झोपावं म्हणून गादी घालून ठेवली होती, धुतलेली चादर, वर उशी. भाबींनी माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं: टँकर, गारा, काळा दगड, नमाजाला किती माणसं होती. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या,

"ते पत्रात लिवायचे. इथं एक घाटावरची वेधशाळा हाय, तिला इचारल्याशिवाय मी गाडी काढत नाय. त्या दिवशी इचारलं होतं का त्यांनी?"

मी म्हणू शकलो असतो की नाही, त्या दिवशी घाई होती. गाडी चालूच होती.

"विचारलं होतं," मी म्हणालो.

"मग तुम्हाला ठावं नव्हतं?"

"ठाऊक होतं. पूर येणार हे सकाळी नऊपासून ठाऊक होतं. मी ते त्यांना धड सांगितलं नाही. सांगू शकत होतो. ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं."

खाडीकडून वारा येत होता, खारा, ओटीवरच्या चादरीचं टोक उडत होतं. भाबींनी पदर सारखा केला आणि त्या उठल्या.

"साडेपाचची शेवटची गाडी हाय," त्या म्हणाल्या. "चुकवू नका. इथं राहायची सोय नाय."

मुलीने आईकडे पाहिलं आणि ओटीवर गेली. मी चपला घालेपर्यंत तिने उशी उचलली होती, चादरीची घडी केली होती, आणि गादी गुंडाळून ती आत नेत होती.